पिवळी टोपी

कुरोहामाच्या रेसकोर्सवर कुणी घोड्यावरून पडलं, की पब्लिकच्या आधी मात्सुए-सान ओरडते. ही नर्स गेली पंचवीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत दुर्बीण लावून बसते. दुर्बिणीतून रेस बघणं हा आपल्या नोकरीचाच भाग आहे असं तिचं म्हणणं, आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नाही. त्या दिवशी चौथ्या रेसला ती खुर्चीतून अशी उठली, की मांडीवरचा जवाच्या चहाचा कप खाली आपटला.

"पडली! शेवटच्या वळणावर! अगं बाई, ही तर चिगुसा!"

इतागाकी हातातलं काम टाकून उठला. दुसऱ्या कुणाचं नाव ऐकून उठला असता त्यापेक्षा जरा घाईनंच.

इतागाकी बावन्न वर्षांचा. वीस वर्षं त्यानं घोड्यावर काढली आणि गेली अकरा वर्षं या दवाखान्यात हाडवैद्य म्हणून. निखळलेला खांदा बसवावा तर त्यानंच, असं जॉकी म्हणत. त्याचा डावा गुडघा पुरता वाकत नाही. बॅग खांद्याला अडकवून तो दारापर्यंत पोचला तोवर रुग्णगाडी वाळू उडवत परतही आली होती. प्रत्येक रेसला ही गाडी आतल्या रस्त्यानं घोड्यांच्या मागोमाग पळते आणि तिच्यात डॉक्टर तोकुनागा बसलेल्या असतात. कुणी पडलं की अर्ध्या मिनिटात त्या हजर.

चिगुसा स्वतःच्या पायांनी उतरली. अंगभर वाळू, फुटलेला ओठ आणि तोंडभर हसू.

"घोडा ठीक आहे ना?" तिनं आधी हेच विचारलं.

"तुझ्यापेक्षा ठीक आहे," मात्सुए-सान म्हणाली. "आणि ते हेल्मेट बघ आपलं. फुटक्या टरबुजासारखं झालंय!"

चिगुसानं हेल्मेटकडे बघितलंच नाही. तिचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे होते. एक वाजायला दहा मिनिटं कमी. चार वाजता दहावी रेस, बंदर चषक, आणि त्यात मुगीबुएच्या पाठीवर तिचं नाव. मुगीबुए ही घोडी दोन वर्षांची असल्यापासून चिगुसानं रोज पहाटे फिरवलेली. चावरी, लाथाडी, कुणी पाठीवर बसायला तयार नव्हतं तेव्हापासून. आज त्याच घोडीवर सगळ्या पब्लिकचा जीव होता. आठ वर्षं घोडे पळवून चिगुसाला मोठी रेस कधी मिळाली नव्हती, आणि ही निसटली तर पुढची मिळेल याची खात्री देणारा माणूस कुरोहामात शोधून सापडला नसता.

नियम साधा होता. डोक्यावर पडलेल्या जॉकीची चाचणी घ्यायची. दर वसंतात सगळे जॉकी ठणठणीत असताना हीच चाचणी होते आणि तिचे गुण फायलीत राहतात. पडल्यानंतरचे गुण त्यांच्याशी जुळले, तर डॉक्टर सही करणार आणि जॉकी पुन्हा घोड्यावर बसणार. जुळले नाहीत तर घरी.

डॉक्टर तोकुनागांनी खुर्ची ओढली. इतागाकीनं वेळ मोजायच्या घड्याळाचं बटण दाबलं.

"मागची रेस कुणी जिंकली?"

"हिराओका-साननी. नेहमीसारखी फुकटात."

मात्सुए-सान फिस्सकन हसली.

"पाच शब्द सांगते, मग पुन्हा म्हण. सुई, लिंबू, पूल, रुमाल, घंटा."

"सुई, लिंबू..." चिगुसा थांबली. "रुमाल. घंटा."

"आणखी एक?"

"नाही आठवत, सेन्सेई."

आकडे उलटे म्हणायला सांगितले तेव्हा तीन जमले, चौथ्याला अडखळली. एका पायावर उभी राहिली तेव्हा तीनदा दुसरा पाय टेकला. डॉक्टरांनी फाईल उघडून बोट फिरवलं.

"चार शब्द, तीन आकडे, तीन चुका. वसंतातही हेच. हुबेहूब!" त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "डोकं दुखतंय?"

"नाही."

"मळमळ?"

"सेन्सेई, कालपासून भाताच्या दोनच ओनिगिरी खाल्ल्यात. मळमळायला पोटात काही असायला नको का?"

सगळे हसले. "तीनच्या आत पुन्हा बघते, मग सही," असं म्हणून डॉक्टर पाचव्या रेससाठी गाडीत जाऊन बसल्या. चिगुसा जॉकींच्या खोलीकडे निघाली. जाता जाता तिनं इतागाकीकडे बघून एक डोळा बारीक केला.

इतागाकी हसला नव्हता. वसंतातले ते गुण खोटे होते. त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण ते खोटे कसे पाडायचे हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

जॉकी ही जात खोटारडी. मोडलेली बरगडी दाबून वजनकाट्यावर उभे राहतील, सुजलेला घोटा बुटात कोंबतील आणि वर विचाराल तर म्हणतील, डास चावला. इतागाकी मात्र एकदा खरं बोलला होता. एकतीस वर्षांचा असताना पडला, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर सांगून बसला की एकाचे दोन दिसतायत. त्याला तीन आठवडे खाली बसवलं. त्याचा घोडा दुसऱ्याला दिला, तो त्या दुसऱ्याबरोबर ओळीनं पाच रेस जिंकला आणि परत काही त्याच्याकडे आला नाही. हे शल्य त्याच्या मनात असं रुतून बसलं, की दवाखान्याचा पांढरा कोट चढवल्यावरही आतून तो जॉकीच राहिला. म्हणून तीन वर्षांपूर्वी खांदा चोळून घेताना चिगुसा भवितव्याची चिंता करत बसली, तेव्हा तो म्हणाला होता, "वसंतात जरा मठ्ठ हो. शेवटचा शब्द गाळ. चौथ्या आकड्याला अडखळ. पाय तीनदा टेकव. पुढे कधी डोकं आपटलंच, तर तेवढी सवलत हाताशी राहील."

तेव्हा ते त्याला उपकार वाटले होते. पुढे आणखी सहा जणांवर त्यानं हे उपकार केले.

आता त्याचं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. ठणठणीत चिगुसाला पाचही शब्द आले असते. सहा आकडे ती उलटे म्हणते, घोड्यांच्या सात पिढ्या तिला तोंडपाठ. मग आज तिचे गुण त्या खोट्या गुणांइतके कसे आले? एक तर तिनं आजही सोंग केलं, जुळवून दाखवायला. नाही तर सोंगाची गरजच पडली नाही.

आणि तिनं शेवटचा शब्द गाळला नव्हता. मधला गाळला होता.

पाचवी रेस झाली. सहाव्यात एका जॉकीचं बोट लगामात पिरगळलं, इतागाकीनं त्याच्या शेजारच्या बोटाला पट्टी बांधली.

"इतागाकी-सान, ते बोट बरं आहे माझं," जॉकी बिचारा हळूच म्हणाला.

"पायाला भिंगरी लागलीय यांच्या," मात्सुए-सान म्हणाली. "मघापासून चौदा वेळा दारात जाऊन आलेत. मुतायला जायचं असेल तर जा ना बाई एकदाचे!"

इतागाकी खरंच निघाला. जॉकींना आदल्या संध्याकाळपासून आत ठेवतात, फोनसुद्धा काढून घेतात, पण दवाखान्याच्या माणसाला कुणी अडवत नाही. कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर चिगुसा एकटीच बसली होती. मांडीवर नवं हेल्मेट, त्यावर, घोडे सुटतात त्या पाचव्या फाटकाची पिवळी रेशमी टोपी चढवलेली. उन्हाची तिरीप नेमकी तिच्या तोंडावर येत होती आणि तिनं डोळे मिटून घेतले होते.

"चिगुसा. खरं सांग. मघाशी मुद्दाम केलंस?"

तिनं एक डोळा उघडला. "म्हणजे काय? तुम्हीच तर शिकवलंत. तंतोतंत जुळवलं की नाही?"

इतागाकीचा जीव भांड्यात पडला. पण पुरता नाही. "शेवटचा शब्द गाळायचा ठरला होता. तू पूल गाळलास."

"पूल कुठला?"

"सेन्सेईंनी सांगितला तो."

"हां, तो. जरा बदल केला हो. रोज एकच सोंग केलं तर पकडतील." ती हसली, पण हसू यायला क्षणभर उशीर झाला. "जा ना तुम्ही आता. मला रेसचा विचार करू दे."

"जातो. त्याआधी टोप्या सांग. उलट्या."

कुरोहामात शाळेत जाणारं पोरसुद्धा फाटकांच्या टोप्यांचे रंग झोपेत म्हणेल. पांढरी, काळी, लाल, निळी, पिवळी, हिरवी, नारिंगी, गुलाबी. चिगुसा तर रोज याच रंगांमधून वाट काढत आलेली.

"काय पोरखेळ लावलाय!"

"सांग, मी लगेच जातो."

"गुलाबी, नारिंगी, हिरवी..." तिचं बोट मांडीवर ठेका धरून चाललं होतं, ते थांबलं. "हिरवी." तिनं पुन्हा सुरुवात केली. "गुलाबी, नारिंगी, हिरवी..."

तिच्या दोन्ही मुठी पिवळ्या टोपीवर आवळलेल्या होत्या. ती टोपीकडे बघत होती आणि तिला तो रंग सापडत नव्हता.

इतागाकी तिच्या शेजारी बाकावर बसला.

"पाणी पाहिजे मला," ती म्हणाली. मग त्याला कळलंय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं त्याचा कोट धरला. "सांगू नका. इतागाकी-सान, पाया पडते. दोन मिनिटांची तर रेस आहे. मुगीबुएला सगळं येतं, मी नुसती बसून राहीन."

"पुन्हा पडलीस तर? एकदा हललेलं डोकं, त्यावर दुसरा मार... मेलीस तर?"

"तुम्ही सांगितलं होतंत ना खरं? काय मिळालं? अकरा वर्षं आमचे पाय चोळताय!"

हे वर्मी लागलं. तो उठून चालू लागला. मागून तिचा आवाज आला, "आणि सांगितलंत तर तुमचंही बाहेर येईल सगळं! विसरू नका!"

तो विसरला नव्हताच. खोटं कशाला बोला, दवाखान्यापर्यंतच्या त्या दीडशे पावलांत त्यानं स्वतःला वाचवायच्या पाच-सहा वाटा शोधल्या. आणि सगळ्यांत सोपी धरली.

डॉक्टर सातव्या रेसला गाडीतून गेलेल्या. गाडी आत येते त्या फाटकाशी तो उभा राहिला. घोडे गेले, गाडी गेली, वाळू डोळ्यांत गेली. गाडी परतली तेव्हा तीनला वीस कमी होते.

"सेन्सेई, चिगुसा मला बरी दिसत नाही."

"काय झालं? उलटी?"

"नाही. नुसतं... वाटतंय मला."

डॉक्टर तोकुनागा पस्तिशीच्या, शहरातल्या मोठ्या इस्पितळातून आलेल्या, आणि इतागाकीच्या अनुभवाला मान देणाऱ्या. तरी त्यांनी मान हलवली. "इतागाकी-सान, गुण जुळतायत. तक्रार काही नाही. तुम्हाला वाटतंय एवढ्यावर मी तिच्या आयुष्यातली पहिली मोठी रेस काढून घेऊ? उद्या कुणाला विनाकारण थांबवलं असं झालं, तर जॉकी आपल्याकडे यायचेच बंद होतील. हे तुम्हीच मला शिकवलंत ना? पुन्हा चाचणी घेते. जुळले तर सही."

चार शब्द तिला कदाचित पुन्हा आलेही असते. तेवढ्यावर सही झाली असती. खोटे गुणच इतके खाली ठेवले होते, की अर्ध्या डोक्याची बाईसुद्धा त्यांवरून आरामात उडी मारून गेली असती.

"ते गुण खोटे आहेत," इतागाकी म्हणाला.

"कुठले?"

"वसंतातले. मी शिकवलं तिला, मुद्दाम चुकायला. आज ती मुद्दाम चुकली नाहीये, सेन्सेई. आत्ता तिला टोप्यांचे रंग आले नाहीत. स्वतःची टोपी आठवली नाही तिला."

गाडीचं इंजिन चालूच होतं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर इतागाकीला बरं वाटलं असतं. तिथं काहीच नव्हतं.

"आणखी किती जणांना?"

"सहा. तिला धरून सात."

"म्हणजे तीन वर्षं मी सह्या करत होते," त्या हळू म्हणाल्या, "आणि तुम्ही शेजारी घड्याळ धरून उभे होतात."

त्याच्याकडे पाठ फिरवून त्या जवळजवळ पळतच जॉकींच्या खोलीकडे गेल्या.

पुढे जे झालं ते कुरोहामात अजून चवीनं सांगतात. मुगीबुएचे ट्रेनर कुरीबायाशी दवाखान्याच्या दारात उभे राहून इतके ओरडले, की आठव्या रेसचे घोडे बिचकले. बदली म्हणून हिराओकाचं नाव लागलं. चिगुसा भिंतीला टेकून उभी होती. मग ती खाली वाकली आणि भसाभस ओकली. त्यानंतर कुरीबायाशींनी आपला आवाज खाली आणला आणि टोपी काढून हातात धरली.

डॉक्टरांनी शहरातून दुसरी रुग्णगाडी मागवली, कारण इथली गाडी हलवली तर रेस थांबवावी लागते. यायला पाऊण तास तरी जाणार होता. चिगुसाला खाटेवर निजवलं. मात्सुए-साननं पहिल्यांदाच दुर्बीण खिडकीत पालथी ठेवली आणि तिच्या उशाशी बसली. इतागाकीला कुणी थांब म्हणालं नव्हतं आणि जा असंही नाही. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. चार वाजले. भिंतीवरच्या कर्ण्यातून बंदर चषकाची रेस ऐकू आली, शेवटच्या शंभर मीटरला तर कर्णा फाटतो की काय असं झालं, आणि मुगीबुए एका मानेनं जिंकली.

चिगुसा छताकडे बघत होती. "कोण जिंकलं?"

"मुगीबुए," इतागाकी म्हणाला.

"पाठीवर कोण होतं?"

"हिराओका."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं. "माझी घोडी दिलीत तुम्ही त्याला. कधीच माफ करणार नाही तुम्हाला. कधीच."

"नको करूस," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

पाच मिनिटं गेली असतील. तिनं मान वळवली, त्याच्याकडे बघून अगदी ओळखीचं हसली. "इतागाकी-सान, बंदर चषकाची रेस झाली का? कोण जिंकलं?"

मात्सुए-साननं तोंडावर हात ठेवला. डॉक्टर एका उडीत खाटेपाशी आल्या आणि तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. इतागाकीनं पुन्हा सांगितलं, मुगीबुए. तिनं पुन्हा विचारलं, पाठीवर कोण. त्यानं सांगितलं. तेच पाणी तसंच ओघळलं. "माझी घोडी दिलीत तुम्ही त्याला. कधीच माफ करणार नाही."

शहरातली गाडी आली. स्ट्रेचर उचललं तेव्हा तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"सांगा ना, अजून व्हायचीय म्हणून," मात्सुए-सान त्याच्या कानाशी रडत पुटपुटली. "किती वेळा मारायचं पोरीला?"

पण इतागाकीनं त्या दवाखान्यात जेवढं खोटं खपवायचं तेवढं खपवून झालं होतं. तो गाडीच्या दारापर्यंत लंगडत गेला आणि तिसऱ्यांदा खरं सांगितलं. तिसऱ्यांदा शिव्या खाल्ल्या. दार लागलं तेव्हा त्याच्या मनात एकच इच्छा होती, हिनं उद्या हे सगळं लक्षात ठेवावं. उद्या उठून आपला तिरस्कार करण्याइतकी ती शाबूत असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता डॉक्टर तोकुनागांनी कुरोहामाच्या झाडून सगळ्या जॉकींना दवाखान्यात उभं केलं. जुन्या फायली रद्द. घड्याळ इतागाकीच्याच हातात दिलं. "हे संपेपर्यंत तुम्ही इथं हवेत," त्या म्हणाल्या. "त्यानंतरचं नंतर बघू." आदल्या संध्याकाळी चिगुसाच्या कवटीतून साकळलेलं रक्त काढलं होतं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. कुणी इतागाकीकडे बघत नव्हतं. एकेक जण खुर्चीत बसत होता आणि पाचही शब्द धडाधड म्हणत होता. हिराओकानं तर सात आकडे उलटे म्हटले. गेल्या वसंतात त्याला कसेबसे तीन आले होते.

"चमत्कारच म्हणायचा," मात्सुए-सान म्हणाली. "एका रात्रीत सगळे हुशार झाले!"

कुणीही हसलं नाही.

आठच्या सुमारास डॉक्टरांचा फोन वाजला. त्या बाहेर जाऊन बोलल्या आणि परत येऊन इतागाकीच्या समोर उभ्या राहिल्या. घड्याळ त्याच्या हातात चालूच राहिलं.

"शुद्धीवर आलीय. तुमच्यासाठी निरोप दिलाय. तिथल्या नर्सला काही कळेना, तिनं मला वाचून दाखवला."

"काय म्हणाली?"

"गुलाबी, नारिंगी, हिरवी, पिवळी, निळी, लाल, काळी, पांढरी." डॉक्टरांनी फोन खिशात टाकला. "आणि त्यापुढे एक शिवी आहे. ती मी म्हणणार नाही."

इतागाकीनं घड्याळ बंद करायला बटण शोधलं, पण त्याला ते नीट दिसेना. खुर्चीतला जॉकी म्हणाला, "इतागाकी-सान, माझी वेळ मोजताय ना?" आणि तो म्हणाला, "पहिल्यापासून घे."